झारसुगुडा ते कोल्हापूर, हैदराबादमार्गे

अंबरनाथ (पूर्व)
दि. २ फेब्रुवारी २०२६

आदरणीय व्याही श्री. शंकरराव दळवी यांस,
सप्रेम नमस्कार.

मी, हेमचंद्र वामन टिपणीस, वय सत्तावन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, येथील एका रासायनिक कारखान्यात माल-रवानगी विभागाचा प्रमुख आणि आपल्या कन्येचा सासरा, हे पत्र एकाच हेतूने लिहीत आहे. चि. पुष्कर व चि. सौ. वैदेही यांनी परस्परसंमतीने विभक्त होण्यासाठी कल्याणच्या न्यायालयात जो अर्ज केला आहे, त्यात दिलेले कारण टिकणारे नाही, हे मला आपल्यापुढे मांडायचे आहे.

अर्ज मी तीनदा वाचला. त्यात भांडण नाही, आरोप नाही, मागणी नाही. कारण एकच: ‘नोकरीच्या ठिकाणांमधील अंतरामुळे सहजीवन अशक्य झाले आहे.’ पुष्कर झारसुगुड्याला अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात आहे आणि वैदेही कोल्हापुरात औषधनिर्माणशास्त्र शिकवते, हे खरे. परंतु ‘अशक्य’ हा शब्द मी माझ्या विभागात कोणालाही पडताळणीशिवाय वापरू देत नाही.

म्हणून पडताळणी केली. या दोन विमानतळांमधील हवाई अंतर सुमारे अकराशे ऐंशी किलोमीटर असून, एका संकेतस्थळाच्या माहितीनुसार उड्डाणास दोन तास लागतात. अंबरनाथहून अंधेरीला नोकरीस जाणारा मनुष्य याहून अधिक वेळ रोज प्रवासात घालवतो, आणि तो त्यासाठी कोणत्याही न्यायालयात अर्ज करीत नाही.

पुढील तारीख मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. त्या दिवशी दोघांपैकी एकाने जरी पुन्हा संमती दिली नाही, तरी प्रकरण तेथेच थांबते. माझी विनंती एवढीच की, तत्पूर्वी दोघांची एक भेट व्हावी. वकिलांविना, आणि आपणा वडीलधाऱ्यांविनाही. आपण वैदेहीस सांगावे. पुष्करला मी सांगतो. कारण खोटे ठरले की अर्जही उभा राहणार नाही, अशी माझी खात्री आहे.

सौ. उमाचा डोळा आता बरा आहे. पट्टी निघाल्यावर तिने सर्वांत आधी लग्नाचा अल्बम मागितला.

आपला,
हेमचंद्र वामन टिपणीस


बदलापूर
८ फेब्रुवारी

टिपणीससाहेब, नमस्कार.

पत्र मिळालं. पाचव्या दिवशी. अंबरनाथ ते बदलापूर एक स्टेशन. तुमच्या त्या वेबसाइटला विचारा, ह्या पत्राचा उड्डाणकाळ किती ते.

आणि नाव, वय, शिक्षण कशाला लिहिता हो? मांडवात तुमच्या डोक्यावर फेटा मीच बांधला होता ना? पण लिहिलंत ते बरं केलंत. फोनवर मला निम्मंच ऐकू येतं. चाळीस वर्षं विजेच्या मोटारी रिवाइंड केल्या, उजवा कान त्यांनी खाल्ला. आणि खरं सांगू का, हा विषय फोनवर निघाला की आमची मंडळी आत जाऊन कुकर लावते. आता घरात दोन माणसं, किती भात खाणार?

तुमचं पत्र मी कॅम्प एकला माझ्या दुकानात नेलं. शेजारी अल्पेशचं तिकिटांचं ऑफिस आहे, लग्नाला आला होता, गोरा, जाडा. त्याला म्हटलं, “साईं, झारसुगुड्याहून कोल्हापूरला दोन तासांचं विमान आहे म्हणे, किती वाजता सुटतं?” त्याने चष्मा काढला. म्हणाला, “काका, आप खुद उडाओगे क्या? ऐसी कोई फ्लाइटच नाही. ती वेबसाइट नकाशावर फूटपट्टी ठेवून सांगते. जायचं तर हैदराबाद उतरा, बसा, दुसरं पकडा. आणि छोटं शहर आहे, आज आहे, उद्या टाइम बदलला, परवा कॅन्सल.”

तेव्हा साहेब, दोन तास वगैरे विसरा. दिवस जातो.

वैदेहीशी बोललो. भेटीचं विचारलं. “बघू बाबा” म्हणाली. लहानपणी डेंटिस्टकडे जायचं नसलं की असंच म्हणायची.

एक गोष्ट लिहिणार नव्हतो, पण लिहितो. यंदा ज्येष्ठ अधिक आहे. जावयाच्या धोंड्यासाठी मी दिवाळीतच तांब्याचं ताट करून घेतलं होतं, वर चांदीचं निरांजन. तेव्हा अर्जाचं आम्हाला माहीत नव्हतं. तेहतीस अनारसे मावतील एवढं मोठं आहे. आणलं तेव्हा ही म्हणाली, एवढं मोठं कशाला, पुढच्या धोंड्याला नातवंडसुद्धा बसेल ह्यात.

तुमचा,
शंकर दळवी


अंबरनाथ (पूर्व)
दि. १५ फेब्रुवारी २०२६

आदरणीय व्याही,
सप्रेम नमस्कार.

आपली दुरुस्ती मान्य आहे. थेट विमान नसताना उड्डाणाचा काळ नोंदवणे ही त्या संकेतस्थळाची चूक आणि त्यावर विसंबणे ही माझी. माल-रवानगीत आयुष्य काढलेल्या माणसाने गाडी आहे की नाही हे न पाहता रस्ता मोजावा, याची मला लाज वाटते.

परंतु या चुकीतूनच एक चांगली गोष्ट हाती आली. मी नकाशा घेऊन बसलो. झारसुगुडा ते हैदराबाद सुमारे सातशे पंच्याऐंशी किलोमीटर, हैदराबाद ते कोल्हापूर सुमारे चारशे पंचेचाळीस. बेरीज बाराशे तीस. म्हणजे सरळ रेषेपेक्षा वळसा अवघा पन्नास किलोमीटरचा! शंकरराव, हैदराबाद वाटेवरच आहे. ते दोघांच्या जवळजवळ सरळ मध्ये उभे आहे. कोणी कोणाकडे जाण्याचा, कोणी आधी जायचे या मानापमानाचा प्रश्नच उरत नाही. दोघांनी शनिवारी सकाळी निघावे, दुपारी हैदराबादेस भेटावे आणि रविवारी परतावे. मी असे चार शनिवार काढून ठेवले आहेत.

हे स्थळ पुष्करच्या चांगल्या परिचयाचे आहे. उमाच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी तो जानेवारीत आला होता, तो परतला हैदराबादमार्गेच. दहा जानेवारी, शनिवार. तेथे त्याचे पुढचे विमान लांबले, म्हणून त्याने आईला फोन केला आणि तो कितीतरी वेळ बोलत राहिला. एरवी दोन वाक्यांत फोन ठेवणारा मुलगा. तिने विचारले, बरोबर दिलेला दहीभात खाल्लास का; त्याने विचारले, औषध घातलेस का, शेजारच्यांची मांजर व्याली का, असे काहीबाही. उमा त्या फोनवर आठवडाभर खूश होती. तिचे म्हणणे, पोरगा निवळतो आहे. मी अशा अनुमानांवर सहसा भरवसा ठेवत नाही. या वेळी ठेवावासा वाटला.

ताटाविषयी आपण लिहिलेत ते बरे केलेत. चंद्राचे वर्ष आणि सूर्याचे वर्ष यांची चाल निराळी. ती फार लांब जाऊ नयेत म्हणून पूर्वजांनी मध्ये एक महिना घातला. आपण दोघे आता तेच करीत आहोत. ताट घासून ठेवावे.

आपला,
हेमचंद्र टिपणीस


बदलापूर
२२ फेब्रुवारी

टिपणीससाहेब, नमस्कार.

तुमचं पत्र ह्या वेळी मी हिला वाचून दाखवलं. ताटाचं वाचल्यावर उठली आणि खरंच चिंच घेऊन घासायला बसली.

तुमचे चार शनिवार वैदेहीला कळवले. म्हणाली, परीक्षा आहेत. मग म्हणाली, सबमिशन आहे. मी म्हटलं, चार शनिवारांना चार कारणं सांगणार आहेस का? तर हसली. तिचं ते हसणं मला आवडलं नाही. दुकानात गिऱ्हाईक मोटार परत घ्यायला येत नाही तेव्हा फोनवर असंच हसतं.

हैदराबाद तिलाही नवं नाही म्हणा. जानेवारीत विद्यार्थ्यांना घेऊन विशाखापट्टणमला गेली होती, कसलं तरी संमेलन. येताना हैदराबादवरूनच आली, संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी. तिथून आईला बांगड्यांचा फोटो पाठवला, “घेऊ का?” हिने “घे” लिहिलं, तर घेतल्याच नाहीत. विचारलं तर म्हणे, राहून गेलं. चांगला दोन-तीन तास थांबा होता, आणि राहून गेलं.

दर वर्षी संक्रांतीला तुमच्याकडे तिळगूळ आम्ही घेऊन यायचो. यंदा ना तुम्ही आलात ना आम्ही. वडाळ्याच्या मेहुण्याकडे जाताना तुमचं स्टेशन लागलं, ही दुसऱ्या बाजूला बघत बसली.

तुमचा,
शंकर दळवी


अंबरनाथ (पूर्व)
दि. २५ फेब्रुवारी २०२६

आदरणीय शंकरराव,

हे पत्र मी टपालाने पाठवत नाही. आपल्या दुकानाशेजारी अल्पेशच्या हाती देऊन परत जात आहे. आपण असाल तर बोलणे होईल आणि मला बोलायचे नाही. बोललो तर माझा आवाज नीट राहणार नाही.

संक्रांत बुधवारी, चौदा जानेवारीस होती. तिच्या आधीचा शनिवार दहा तारखेचा. शंकरराव, दहा जानेवारी! त्याच दिवशी पुष्कर हैदराबादेस अडकला होता. वैदेहीचा दोन-तीन तासांचा थांबा आणि पुष्करचे लांबलेले विमान. दोघे एकाच दुपारी एकाच विमानतळावर होते. मी अल्पेशला फोनवर विचारून घेतले. लहान गावांची ही छोटी विमाने बहुधा एकाच बाजूच्या दारांतून सुटतात, तळमजल्यावरून, बसने नेतात. प्रवासी एकाच दालनात बसतात.

दोघांची भेट झालेली आहे! आपण शनिवार शोधत बसलो आणि त्यांचा शनिवार होऊनही गेला. दोघांनीही घरी सांगितले नाही, यातच सारे आले. ज्याचे काही वाटत नाही ते माणूस लपवीत नाही. बांगड्या घ्यायच्या राहून का गेल्या, हे आता आपल्याही ध्यानात आले असेल. आणि पुष्कर आईशी इतका वेळ, इतक्या आनंदाने का बोलला, हे मला आज कळले.

मी उमाला सांगितले. सांगायला नको होते, आधी खात्री करायला हवी होती. पण मेळ इतका स्वच्छ बसला होता की मला राहवले नाही. ती उठली, चप्पल घातली आणि शिवमंदिरात गेली. आल्यावर तिने पुष्करच्या खोलीतली दुसरी उशी उन्हात टाकली.

आपण वैदेहीस विचारावे, हळुवारपणे. मी पुष्करला लिहितो.

आपला,
हेमचंद्र


झारसुगुडा
३ मार्च २०२६

बाबा,

तुम्ही फोन न करता पत्र पाठवलंत, म्हणून मीही लिहितोय. हे तोंडाने मला सांगता आलं नसतं.

हो. आम्ही दोघं तिथे होतो. तुमचा हिशेब बरोबर आहे, तो कधी चुकतो?

मी बसलो होतो. समोर काचेपाशी तिचे विद्यार्थी दिसले, मग ती दिसली. तिनेही मला पाहिलं. नीट पाहिलं, बाबा, चुकून नाही. मी उठलो. दोन पावलं टाकली असतील. तिने मान हलवली. नको. एवढंच. रागाने नाही. एखाद्याने चहा विचारावा आणि आपण नको म्हणावं, तशी.

मी परत बसलो. मध्ये खुर्च्यांची एक रांग होती. तुम्ही अंतर विचारालच म्हणून सांगितलं.

मग तिचं विमान लागेपर्यंत आम्ही दोघं तसेच. उठून दुसरीकडे जावं तर ते आणखी वाईट दिसलं असतं. हाताला काहीतरी काम हवं म्हणून मी आईला फोन लावला. मांजरीबद्दल विचारलं. दहीभात खाल्ला नव्हता, समोर घेऊन बसलो होतो. आई खूश झाली होती ना? तिला हे सांगू नका.

तुम्ही विचारता कारण काय. मलाही कळत नाही. कोणी कोणाला काही केलं नाही. पहिल्या वर्षी मी तिच्याकडे जायचो तेव्हा निघायच्या दिवशी ती रडायची. दुसऱ्या वर्षी निघायच्या दिवशी तिला बरं वाटायचं, ते मला दिसायचं. मग एकदा परत येताना मलाही बरं वाटलं. त्यानंतर मी तिकीट काढलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही.

अर्जात ‘अंतर’ हे कारण वकिलाने घातलेलं नाही. आम्ही दोघांनी फोनवर बसून ठरवलं. त्या रात्री आम्ही खूप दिवसांनी चांगलं बोललो. कोणालाच दोष लागणार नाही असं कारण शोधत होतो, आणि हे सापडलं तेव्हा दोघांनाही हायसं वाटलं. आम्ही एकत्र केलेलं ते शेवटचं काम आहे, बाबा. ते खोटं ठरवू नका.

शंकरकाकांना ह्यातलं काही कळवू नका. त्यांनी मला मोटार उघडून आतली तार कशी बसवतात ते शिकवलं होतं.

पुष्कर


बदलापूर
८ मार्च

टिपणीससाहेब, नमस्कार.

वैदेहीला विचारलं. तिने कोणालाच पाहिलं नाही.

मी नीट चौकशी केली. गर्दी फार होती म्हणे. मुलं बरोबर, त्यांचं सामान, एकाचं ओळखपत्र हरवलं, तिचं लक्ष नव्हतं. आणि गेटं वेगळी होती. मजलेसुद्धा वेगळे असावेत. अल्पेशला काय, तो ऑफिसात बसून सांगतो, तो हैदराबादला कधी गेलाय? तेव्हा भेट झाली नाही आणि नजरभेटही झाली नाही. पुष्करने पाहिलं असेल तर दुसरी कोणी असेल. लांबून सगळ्या बायका सारख्याच दिसतात.

त्याला वाईट वाटून घेऊ नको म्हणावं. चांगला पोरगा आहे. दुकानात आला की शर्टाच्या बाह्या सारून बसायचा, इंजिनीअर असल्याचं कधी दाखवलं नाही.

आता माझं ऐका, साहेब. ते अंतराचं कारण राहू द्या. तुम्ही बरोबर असाल. हैदराबाद वाटेत असेल. पण कारण म्हणून ते चांगलं आहे. कोणी विचारलं, काय हो दळवी, मुलीचं काय झालं, तर मी सांगू शकतो, लांब पडत होतं. कॅम्पात सांगू शकतो, गावी वांगणीला सांगू शकतो. लोक मान हलवतात, हां बाबा, लांब तर आहे. विषय संपतो. तुम्ही ते काढून घेतलंत तर मी काय सांगू? माझ्या पोरीकडे मग दुसरं काहीच नाही सांगायला.

ताट कपाटावर ठेवलंय, वर्तमानपत्रात गुंडाळून. हिला म्हटलं, दुसऱ्या कोणाच्या जावयाला होईल. ती म्हणाली, ठेवा तिथेच.

तुमचा,
शंकर दळवी


अंबरनाथ (पूर्व)
दि. १४ मार्च २०२६

आदरणीय शंकरराव दळवी यांस,
सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. पुष्करकडूनही उत्तर आले. त्यानेही तेथे कोणाला पाहिले नाही. आपण लिहिता त्याप्रमाणे गर्दी फार होती आणि दारे वेगळी होती. मी केलेला मेळ केवळ तारखांचा होता. तारखा जुळल्या म्हणून माणसे जुळली असे मानणे ही माझी चूक. दोन्हीकडची उत्तरे एकमेकांशी तंतोतंत जुळत असल्याने या बाबतीत आता काही विचारायचे राहिलेले नाही.

उमालाही मी तसेच सांगितले. तिने विचारले, “मजलेच वेगळे होते?” मी म्हटले, “हो, मजलेच वेगळे.” ती म्हणाली, “मग कशी दिसणार?” आणि तिने उशी आत आणली. नंतर बराच वेळ ती खोलीतून बाहेर आली नाही. तिला माझे म्हणणे पटले की तिने माझ्यासाठी पटवून घेतले, ते मी पडताळले नाही.

दोन फेब्रुवारीच्या पत्रातील माझे म्हणणे मी मागे घेत आहे. त्याऐवजी आपल्या संग्रही असावे म्हणून पुढील मजकूर लिहून देतो. कोणी विचारल्यास आपण तो माझ्या नावाने खुशाल सांगावा.

मी, हेमचंद्र वामन टिपणीस, अंतर आणि वाहतूक यांचा हिशेब हाच ज्याचा आयुष्यभराचा व्यवसाय आहे, विचारपूर्वक लिहून देतो की, झारसुगुडा आणि कोल्हापूर या दोन विमानतळांमधील अंतर सुमारे अकराशे ऐंशी किलोमीटर आहे. त्यांच्यामध्ये थेट विमान नाही. वाटेत हैदराबाद लागते, परंतु तेथे थांबूनही उपयोग होत नाही. हे अंतर दोन नोकरदार माणसांनी ओलांडावे अशी अपेक्षा करणे रास्त नाही. अर्जात दिलेले कारण बरोबर आहे, पुरेसे आहे, आणि त्यात कोणाचाही दोष नाही.

मे महिन्यातील तारखेस मी कल्याणला येणार नाही. आपणही जाऊ नये, असे सुचवतो. त्यांचे ते दोघे करतील.

आपला माझा पत्रव्यवहार आजवर व्याही म्हणून झाला. त्या तारखेनंतर हे नाते राहणार नाही, आणि त्याच्या जागी कोणता शब्द लिहावा हे मी दोन दिवस शोधत होतो. सापडला नाही. तरीही आपण मला पत्र लिहीत राहावे, अशी विनंती आहे. वर काही लिहिले नाही तरी चालेल. मी अक्षर ओळखतो.

आपला,
हेमचंद्र वामन टिपणीस
अंबरनाथ (पूर्व)
१४ मार्च २०२६